पित्ताची थैली काढली, पण पोट काही गप्प बसत नाही

पांदणवाला

राम राम मंडळी. दारव्हा तालुक्यातला शेतकरी हाय मी, वय पंचेचाळीस.

पित्ताच्या थैलीत खडे निघाले म्हणून उन्हाळ्यात दुर्बिणीतून ऑपरेशन केलं. जनआरोग्य योजनेत बसलं, घरचा पैसा गेला तो गाडीभाड्यात अन् सोबत आलेल्याच्या जेवणात. आधी रात्री-बेरात्री जी कळ उठे, घामाघूम होऊन अंगणात येरझारा घालाले लावे, ती गेली ती गेलीच. त्याबद्दल तक्रार नाही.

पण आता दोन नवीन कटकटी मागं लागल्या. जेवण झालं की अर्ध्या तासात पळावं लागते. पातळ, पिवळं, अन् आग आग होते. पाहुण्याच्या घरी पंगतीत बसाची भीती वाटते. दुसरं म्हणजे उजव्या बरगडीखाली दुखते. रोज नाही, पण ज्या दिवशी दुखलं त्या दिवशी वाकता येत नाही. दाखवलं, तर सोनोग्राफी नॉर्मल, रक्त नॉर्मल, "होईल हळूहळू सेट" म्हणून अ‍ॅसिडिटीची पॅन्टॉप गोळी देऊन परत पाठवलं.

गावात ज्याच्या त्याच्या तोंडी वेगळंच. एक म्हणते थैली काढली म्हणजे आता लिव्हरवर ताण. दुसरा म्हणते जन्मभर मुगाचं वरण. सोयाबीन फुलावर आलं, फवारणी सुरू हाय, घरी पडून जमत नाही. कोणाले असं झालं असन तर सांगा, किती दिवस चालते अन् काय खाल्लं म्हणजे निभावते?

तर्रीप्रेमी

तर्री सोडून बाकी काहीही सांगा रे याले.

अंबाडी

पांदणवाला भाऊ, माझं ऑपरेशन होऊन काही वर्षं झाली. तुमचं पहिलं दुखणं अगदी ओळखीचं आहे. सुरुवातीचे काही महिने मी लग्नाला गेले की आधी मोरी कुठे आहे ते बघून ठेवायची, मग अहेर.

मला कामी आलं ते सांगते. एक, दोन वेळचं पोटभर जेवण मोडलं. सकाळी अर्धी भाकर, दुपारी अर्धी, चारला थोडं काही, रात्री लवकर. वावरात जाणाऱ्याला हे जड जातं, पण शिदोरीचे दोन भाग करून न्यायला काय हरकत आहे? दोन, तेल बंद नाही केलं, वाटलं. म्हणजे फोडणीचं वरण रोजचंच, पण तेल चमच्याने मोजून. आमच्या घरी आधी बुधलीच तिरपी करायचे. तीन, इसबगोल. लोकांना वाटतं ते फक्त बद्धकोष्ठावर. पातळ होतं तेव्हाही ते पाणी धरून ठेवतं. मी रात्री जेवणानंतर पाण्यातून घेते.

काय सोसत नाही हे प्रत्येकाचं निराळं. मला ज्वारीची भाकर, कढी, दोडक्याची भाजी, कमी तेलाचा झुणका, आंबाडीची भाजी काही करत नाही. पाटोडी रस्सा, रोडग्यासोबतची वांग्याची भाजी, दिवाळीचा चिवडा, खव्याचं काहीही खाल्लं की दुसऱ्या दिवशी हिशेब चुकता होतो. जवसाची चटणी मला वाटायचं औषधी, पण तिच्यातही तेलच की. चिमूटभर चालते, वाटीभर नाही. आणि उपाशीपोटी चहा पूर्ण बंद. कॅलेंडरच्या मागे लिहीत गेले, काय खाल्लं आणि काय झालं. महिन्याभरात आपलं आपल्याला कळतं.

दुखण्याबद्दल मात्र काही सांगता येणार नाही, मला ते झालं नाही.

शंकासुर

एक अडाणी प्रश्न. पित्ताची पिशवीच काढून टाकली तर पित्त येतं कुठून? आणि येत असेल तर मग ती पिशवी होती कशाला?

डॉ_दुर्बीण

अडाणी अजिबात नाही, हाच खरा प्रश्न. पित्त तयार होतं यकृतात, दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर. थैलीचं काम फक्त त्यातलं थोडं साठवायचं, घट्ट करायचं आणि तेलकट जेवण आलं की एकदम सोडायचं. तिची मापंही लहान, ३० ते ५० मिलीची. ती काढली तरी यकृताचं काम चालूच राहतं, त्याच्यावर ताणबिण येत नाही. फरक एवढाच की पित्त आता न साठता दिवसभर थोडं थोडं आतड्यात उतरत राहतं. बर्लिनमध्ये लांगेनबुख यांनी १८८२ मध्ये पहिल्यांदा थैली काढली, तेव्हापासून माणसं तिच्याशिवाय जगतात आणि जेवतात.

बहुतेकांचं पोट काही आठवड्यांत जुळवून घेतं. काहींच्या बाबतीत लहान आतड्यात शोषलं न गेलेलं पित्ताम्ल मोठ्या आतड्यात पोचतं, तिथे पाणी सुटतं आणि जेवलं की पळापळ होते. पातळ, पिवळं आणि जळजळणारं, हे वर्णन त्याच्याशी जुळतं. अंबाडीताईंनी सांगितलेलं सगळं करून बघा. तेवढ्याने भागलं नाही तर कोलेस्टायरामिन नावाची पावडर असते, ती पित्ताम्लांना आतड्यात बांधून ठेवते. डॉक्टरांना विचारूनच घ्यायची.

दुखण्यावर लिहिण्याआधी मला काही विचारायचं आहे, पण ओपीडी आहे. रात्री येतो.

पांदणवाला

म्हणजे आधी बारी आली की पाटानं पाणी, अन् आता ठिबक. समजलं डॉक्टरसाहेब!

पुण्यातला_वऱ्हाडी

माझं स्पष्ट मत, ऑपरेशनच करायला नको होतं. माझ्या मामांच्या थैलीत किती वर्षांपासून खडे आहेत, माणूस ठणठणीत. आणि ज्यांना काढायचेच आहेत त्यांनी सफरचंदाचा रस आणि ऑलिव्ह तेलाचा प्रयोग करावा. सकाळी हिरवे खडे पडतात, डोळ्यांनी पाहिलंय.

शंकासुर

ऑलिव्ह तेल दारव्ह्याले कोण्या दुकानात भेटते ते बी सांगून टाका भाऊ.

अंबाडी

मामांना त्रास नाही ना? मग त्यांचे राहू द्या. ज्याला कळ येऊन रात्र उभ्याने काढावी लागते त्याला "नको होतं" म्हणणं सोपं आहे. पुण्याहून तर फारच सोपं.

डॉ_दुर्बीण

दोघांचंही थोडं थोडं बरोबर. खडे आहेत पण काहीच त्रास नाही, अशांना बहुधा ऑपरेशन लागत नाही. सोनोग्राफी दुसऱ्याच कशासाठी केली आणि खडे दिसले, म्हणून लगेच टेबलावर घेऊ नये हे मीही म्हणतो. पण कळ येऊ लागली की ती पुन्हा येते, आणि खडा थैलीतून पित्ताच्या नळीत सरकला तर कावीळ किंवा स्वादुपिंडाला सूज. पांदणवाल्यांना ऑपरेशनची गरज होती.

रस-तेलाच्या प्रयोगातले हिरवे गोळे म्हणजे तेलाचा आतड्यात झालेला साबण. पाण्यात टाका, तरंगतो. नंतर सोनोग्राफी करा, खडे जिथल्या तिथे.

वर्धेकर

नळीत सरकलेल्या खड्याचा विषय निघाला म्हणून आईचं लिहितो.

तिची थैली काढून दोनेक महिने झाले होते. अंगाला खाज सुटली. आम्हाला वाटलं उन्हाळा. मग लघवी चहाच्या रंगाची, डोळे पिवळे. काकू म्हणाली कावीळ आहे, उतरवून आणू. आमच्याकडे शेजारच्या गावात उतरवणारा आहे. तो मनगटापासून बोटांपर्यंत कसला तरी रस चोळतो आणि चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावतो. पाणी पिवळंधमक होतं. अख्खं घर बघत असतं, कावीळ उतरताना दिसते. गळ्यात एक माळही घालतो, ती दिवसागणिक लांबत जाते.

नंतर कळलं की तो रस आंब्याच्या सालीचा. निरोगी माणसाच्या हाताला लावला तरी चुन्यात पिवळाच होतो. मी स्वतःच्या हाताला लावून पाहिलं, झाला. माळ लांबते कारण हिरव्या काड्या वाळतात आणि गाठी सैल होतात. पण त्या वेळी कोणाला विचार करायला सवड होती? बाई पथ्याचं खात होती, संडास पांढुरकी होत होती, आणि आम्ही माळ मोजत होतो. एका रात्री थंडी वाजून ताप चढला तेव्हा गाडी केली आणि वर्ध्याला नेलं.

तिथे एमआरसीपी केली, म्हणजे पित्ताच्या नळीचा एमआरआय. नळीत खडा राहून गेला होता. पोट न फाडता तोंडातून दुर्बीण घालून नळीच्या तोंडाशी छेद देऊन खडा काढला, ईआरसीपी म्हणतात त्याला. पू झाला होता, अँटिबायोटिकवर बरेच दिवस राहावं लागलं. आता ठीक आहे, शेंगदाण्याची चटणी चोरून खाते.

त्यामुळे पांदणवाला भाऊ, थैली काढली म्हणजे खड्याचा विषय कायमचा संपला असं धरून चालू नका.

डॉ_दुर्बीण

हे प्रत्येकाने वाचावं. डोळे पिवळे, लघवी गडद, शौच पांढुरकं, थंडी वाजून ताप, थांबत नाही अशी उलटी, किंवा पाठीत जाणारी असह्य कळ. यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना, आणि तोही मोठा. साधी सोनोग्राफी नळीच्या खालच्या टोकाचा खडा चुकवू शकते, कारण मध्ये आतड्यातली हवा येते. म्हणून लिव्हरच्या रक्ततपासण्या वाढलेल्या असतील तर "सोनोग्राफी नॉर्मल आहे" एवढ्यावर समाधान मानायचं नाही.

झाडीपट्टी

गोंदियाकडून लिहितो जी. आमच्याकडे आणखी एक गोष्ट बघावी लागते ती म्हणजे सिकलसेल, आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार. माझ्या भाच्याची थैली तो शाळेत असतानाच काढावी लागली. एवढ्या लहान पोराला खडे कसे, असं सगळे विचारत. सिकलसेलमध्ये लाल पेशी लवकर फुटतात, त्यातलं बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य पित्तात जास्त येतं आणि त्याचेच काळे खडे बनतात. खाण्यापिण्याचा संबंध नाही जी.

ऑपरेशननंतरही त्याचं पोट अधूनमधून दुखे. दर वेळी आम्ही टाक्यांना दोष द्यायचो. खरं तर त्यातली काही दुखणी सिकलची होती. रोवणीत चिखलात भिजला, पाणी कमी पिला, की हातपाय आणि पोट सोबतच धरायचं. आणि त्याचे डोळे थोडे पिवळे एरवीही असतात, म्हणून घाबरायचं कधी आणि नाही कधी हे त्याच्या नेहमीच्या डॉक्टरालाच नीट कळतं. २०२३ ला देशभराची सिकलसेल मोहीम सुरू झाली, तेव्हापासून तपासणी करून कार्ड देतात. ज्यांच्या घरात कोणी आहे त्यांनी ऑपरेशनच्या आधीच ते कार्ड सर्जनसमोर ठेवावं. भूल देणाऱ्यालाही माहीत असायला पाहिजे.

डॉ_दुर्बीण

झाडीपट्टी, फार मोलाचं लिहिलंत. आमच्याकडे लहान वयात खडे दिसले की आधी सिकलची तपासणीच करतो.

आता पांदणवाला, माझे प्रश्न. १) दुखतं ती जागा एका बोटाने दाखवता येते की तळहात फिरवावा लागतो? २) जेवणाशी संबंध आहे की कामाशी? ३) उताणे झोपा, दुखरी जागा बोटाने दाबून धरा आणि हात न टेकता डोकं-खांदे उचला. पोट ताठ झाल्यावर दुखणं वाढतं की कमी होतं? ४) शुगर किंवा बीपीच्या गोळ्या चालू आहेत का? ५) खर्रा?

तर्रीप्रेमी

पाचवा प्रश्न कंपल्सरी दिसते.

कंडक्टरीण

माझंही ऑपरेशन झालंय, म्हणून सगळं वाचतेय. तुम्हा लोकांना निदान बांध तरी आहे. मी गाडीत साठ माणसं घेऊन जाते, मधल्या फाट्यावर गाडी थांबवून काय सांगू? मी करते ते असं की ड्युटीआधी जेवतच नाही, फक्त मुरमुरे आणि केळ. ड्युटी संपली की एकदम जेवते. मग रात्री त्रास होतो.

मैत्रिणीने जुलाब थांबवणारी लोपेरामाइडची गोळी सांगितली. लांबच्या फेरीला घेते कधीकधी. रोज घेतली तर चालेल का?

अंबाडी

ताई, दिवसभर उपाशी आणि रात्री डब्बल, हेच तर उलटं होतंय. मुरमुऱ्यासोबत भाजलेले फुटाणे ठेवा, दर फेरीनंतर मूठभर. आणि तुमच्या डेपोत बायकांसाठी धड संडास आहे का? नसेल तर पोटाचं दुखणं अर्धं तिथलंच.

कंडक्टरीण

आहे. कुलूप लावलेलं. किल्ली साहेबांकडे, साहेब मीटिंगला.

वैद्यबुवा

माझंही दोन पैशांचं. गोड ताजं ताक, त्यात भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि किंचित सैंधव, दुपारच्या जेवणानंतर. साय काढलेल्या दह्याचं. अनेकांना मानवतं. तूप मात्र सोडू नये, तूप पित्तशामक आहे. सकाळी कोमट दुधातून दोन चमचे घ्या.

डॉ_दुर्बीण

ताकाला माझी ना नाही. उपाशीपोटी दुधातून तूप याला मात्र आहे, ज्याला आत्ता जेवलं की पळावं लागतंय त्याला तरी. पोट स्थिरावल्यावर वरणावर चमचाभर घ्यावं की. दूध सोसत नाही असेही यात बरेच निघतात.

वैद्यबुवा

तुमच्या गोळ्यांनी जळजळ दाबण्यापेक्षा बरं.

शंकासुर

बुवा अन् डॉक्टर, दोघंबी ताकावर एक झाले, तेवढंच पुरे. तुपाचा वेगळा धागा काढा.

पांदणवाला

उशीर झाला, दोन दिवस लाइन नव्हती.

डॉक्टरसाहेब, उत्तरं. एका बोटानं दाखवता येते, बरगडीखाली जिथं बारका छेद होता त्याच्या जवळच. जेवणाशी संबंध नाही वाटत. तुम्ही विचारलं म्हणून ध्यान दिलं, तर फवारणीच्या दिवशी अन् त्याच्या दुसऱ्या दिवशी दुखते. उताणं झोपून डोकं उचललं तर असं दुखलं की बायको धावत आली. शुगरची मेटफॉर्मिन चालू हाय, ऑपरेशननंतरच डोस वाढवला होता. खर्ऱ्याचा प्रश्न सिलॅबसच्या बाहेरचा हाय.

डॉ_दुर्बीण

सिलॅबसमध्येच आहे, तंबाखूने जळजळ वाढते. असो.

पोट ताठ केल्यावर दुखणं वाढलं म्हणजे ते आतल्या अवयवापेक्षा पोटाच्या भिंतीचं असण्याची शक्यता जास्त. छेदाजवळचा स्नायू किंवा एखादी बारीक नस. पाठीवरचा पंप १५-१६ लिटरचा, भरला की तेवढेच किलो, वर पट्टा छातीपोटाला काचणारा आणि एका हाताने दांडा मारत राहायचं. छेदाच्या जागी हर्निया नाही ना, हे सर्जनकडून उभं राहून, खोकून तपासून घ्या. नसेल तर जागेवर मलम, काही दिवस पंप दुसऱ्याच्या पाठीवर, गरज पडली तर त्या जागी सुन्न करणारं इंजेक्शन. पॅन्टॉपने हे जाणार नाही.

आणि मेटफॉर्मिननेही पातळ होतं, डोस वाढवल्यावर तर खासच. स्वतःहून बंद करू नका, पण ज्यांनी दिली त्यांना विचारा. हळूहळू विरघळणारी गोळी मिळते, ती पुष्कळांना सोसते. सगळं दुखणं गेलेल्या थैलीच्या नावावर फाडायचं नसतं.

कंडक्टरीण, लोपेरामाइड प्रवासापुरती ठीक, रोजची करायची तर डॉक्टरांच्या नजरेखाली. ताप असेल किंवा शौचातून रक्त जात असेल तर अजिबात नाही. तुमच्यासाठी पावडरीचं विचारून बघा.

पुण्यातला_वऱ्हाडी

वा, एवढं तर आमच्या पुण्यात हजार रुपये फी देऊनही कोणी विचारत नाही.

तर्रीप्रेमी

पुण्यात हजार रुपयांत फक्त केसपेपर.

पांदणवाला

मंडळी, धागा वर काढतो. जाऊन आलो.

हर्निया नाही. सर्जननं बोट ठेवलं अन् म्हणला हाच स्पॉट ना? तिथंच इंजेक्शन दिलं, टेबलावरून उतरलो तर दुखणं गायब. ते परत येऊ शकते म्हणून सांगितलं हाय, थोडं थोडं येते बी, पण आता भीती नाही. पंप लहान भावाकडे दिला. तो म्हणते पुढच्या हंगामात बॅटरीचा घे नाही तर माही बी थैली काढून टाक.

शुगरची गोळी बदलून दिली. इसबगोल अन् दोन भागात शिदोरी चालू केली. पळापळ पुरी नाही गेली, पण आता सकाळच्याले एक-दोनदाच. काल पोळा झाला, पुरणपोळी अर्धी खाल्ली, तूप न घेता. सोसली. सावजीचं कोणाले विचारलं नाही.

अंबाडी

अर्धी पोळी सोसली म्हणजे झालंच. पुढच्या वेळी पाऊण. सावजी अजून नाही.

कंडक्टरीण

मला पावडर सुरू झाली. गावात नाहीच मिळाली, मेडिकलवाल्याने यवतमाळहून मागवली. चव म्हणजे काय सांगू, खडूची भुकटी. पण गुण आहे, पुसदची फेरी न थांबता झाली. एक शंका. मी सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी घेते आणि पाकीट नाश्त्यासोबत. कोणीतरी म्हणालं असं चालत नाही?

डॉ_दुर्बीण

बरोबर म्हणाले. ती पावडर पित्तासोबत इतर औषधंही बांधून टाकते, मग थायरॉइडची गोळी लागू पडत नाही. दोघांत निदान चार तास ठेवा. सकाळी थायरॉइड आणि पावडर दुपारच्या किंवा रात्रीच्या जेवणाआधी, असं तुमच्या डॉक्टरांना विचारून बदला. बाकीच्या गोळ्या पावडरच्या तासभर आधी किंवा नंतर चार ते सहा तासांनी. भरपूर पाण्यात कालवा, कोरडी तोंडात टाकू नका. आणि पोट उलट घट्ट व्हायला लागलं तर मात्रा कमी करायला सांगा.

कंडक्टरीण

दुपारची सुटी तीनला असते. तेव्हाच घेते मग.